उसनी काळी

भागूबाईच्या घरात माती या शब्दाला काही ताळतंत्र राहिलेलं नव्हतं. सकाळी मोबाईल वाजला की तिचा नवरा काकासाहेब अंथरुणातूनच विचारायचे, “माती किती वाजता हाय?” म्हणजे कुठंतरी कुणीतरी गेलेलं असायचं. मग घाईघाईनं आंघोळ, पांढरा सदरा, टोपी आणि मोटारसायकलला किक. मयत ओळखीचं असो की ओळखीच्याच्या ओळखीचं, काकासाहेब मातीला हजर. नुसतं हजर राहून भागत नसे, दोन शब्द बोलावेही लागत. त्यांच्या दोन शब्दांना अर्धा तास लागायचा, आणि तोवर उन्हात ताटकळलेली माणसं मनातल्या मनात मयतालाच नशीबवान म्हणायची, कारण त्याला काही ऐकू येत नसे.

इकडे भागूबाई डाळिंबात असायची. तिच्या लेखी माती म्हणजे पायाखाली असते ती. ठिबकची नळी कुठं तुंबली, कुठल्या झाडाच्या बुडाशी मुंग्या लागल्या, कुठं खोड भेगाळलं, हे बघण्यात तिचा दिवस जायचा. नवरा कधी चुकून बांधावर आलाच, तर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, रस्त्याकडं बघायचा आणि म्हणायचा, की कितीही करा, या तांबड्या रानाला काही कळा नाही. एवढं बोलून तो परत जायचा. भागूबाईला वाटायचं, हातातलं खुरपं त्याच्या दिशेनं भिरकावून द्यावं. पण खुरपं चांगलं होतं, पातं मोडलं असतं.

काकासाहेबांच्या मनात माती म्हणून दुसरं काही होतं तर ते हे. आपली जमीन काळी नाही. तिसगावच्या अलीकडं, डांबरी रस्त्याला लागून त्यांचं रान. सगळं मुरमाड. ओंजळीत घेतलं तर बोटांच्या फटींतून गळून जाणारं. वळवाची सर येऊन गेली तरी घटकाभरात कोरड्या पायांनी चालता यावं, इतकं पाणी पिणारं.

भागूबाईचं माहेर नेवाशाकडचं, पाटाच्या पाण्याचं. लग्न होऊन आली तेव्हा सासू बनुबाई तिला रान दाखवायला घेऊन गेली. पुष्कळ चालल्यावर नव्या सुनेनं विचारलं, “आत्याबाई, आपलं रान कुठंय?” बनुबाई म्हणाली, “तू हुबी हायेस त्येच.” भागूबाईला तिथंच रडू फुटलं. बनुबाईनं पाठीवरून हात बित काही फिरवला नाही. रडून मुरमाला पाझर फुटत नाही, असं म्हणून तिच्या हातात खुरपं दिलं. भागूबाईला तेव्हा राग आला होता. पुढं स्वतः त्या रानात म्हातारी व्हायला लागल्यावर तिला सासूचं म्हणणं पटलं.

पावसानं लागोपाठ दगा दिला त्या वर्षांत दोघं नवराबायको कोयता घेऊन श्रीगोंद्याकडं उसाला जात. त्यांचा मुलगा कल्याण तेव्हा लहान, पाचटावर झोपायचा. तिथलं रान काळंभोर, पायाखाली गादीसारखं. भागूबाई आपली मोळ्या बांधायची आणि संध्याकाळी पाठ टेकायची, तिला रानाकडं बघायला फुरसत नव्हती. काकासाहेब मात्र तोड थांबली की त्या काळ्याकडं बघत बसायचे. एकदा त्यांनी मूठभर ढेकूळ उचललं, तर बांधावर उभा असलेला मालक हसून म्हणाला, की बघून घ्या, तुमच्याकडं माती नाही म्हणून तर तुम्ही आमच्याकडं. सगळ्या टोळीसमोर बोलला. भागूबाई तिथंच होती. तिनं ते एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्या कानानं सोडलं, कारण पोरगं रडत होतं.

पुढं शेततळं झालं आणि कल्याणनं डाळिंबाचं मनावर घेतलं. काकासाहेबांचा विरोध. मुरमात काय पिकणार, म्हणाले. मग मायलेकांनीच टिकावानं खड्डे घेतले. मुरूम फोडताना भागूबाईच्या तळहाताची सालं निघाली, टिकावाचे दोन दांडे मोडले. पण डाळिंबाला बुडाशी पाणी साचलेलं खपत नाही, आणि या रानात पाणी साचायला जागाच नव्हती. झाडं अशी धरली, की रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून विचारायला लागले. ज्या मुरमाला बघून ती रडली होती त्यातलीच ही झाडं. प्रत्येकाचं आजारपण तिला ठाऊक होतं. काकासाहेब मात्र मातीला आलेल्या माणसांना सांगताना म्हणायचे, डाळिंब बरं आहे, पण रान हलकं.

आता कल्याण तिशीला टेकला होता आणि त्याला मुलगी मिळत नव्हती. रंगानं, अंगानं, स्वभावानं कुठंच कमी नव्हता. फक्त शेती करत होता. मुलीकडची माणसं यायची, पोहे खायची, डाळिंबं बघून वा वा म्हणायची आणि विचारायची, मुलगा कुठल्या कंपनीत आहे? कंपनीत नाही म्हटलं की चहा लवकर संपायचा. “कळवतो,” म्हणून उठायची. कळवतो म्हणजे नाही, हे आता घरातल्या मांजरालाही कळायला लागलं होतं.

अशात चैत्रात श्रीगोंद्याकडं एका लांबच्या पाहुण्याची माती होती. काकासाहेब गेले, अर्धा तास बोलले. भागूबाईचा मावसभाऊ छगन तिथं होता. छगन लग्नं जमवायचा आणि लग्नं जमतात ती मातीला आणि दहाव्यालाच, कारण तिथं माणसं रिकामी बसलेली असतात, असं त्याचं मत होतं. दशक्रियेपर्यंत थांबायचंही त्याला जड गेलं. लोक पांगत असतानाच त्यानं काकासाहेबांची गाठ राधाकृष्ण नावाच्या एका बागाईतदाराशी घालून दिली. त्यांची मुलगी जया, शेतीचा डिप्लोमा झालेली. शेती करणाराच नवरा करीन, असं म्हणत होती. असं म्हणणारी मुलगी जगात आहे, हे ऐकून भागूबाईनं मोहट्याच्या देवीला नारळ बोलून ठेवला. पुढच्या रविवारी मंडळी घर आणि रान बघायला येणार, आणि मुलगीही येणार, असं ठरलं.

इथपर्यंत सगळं नीट होतं. नीट असलं की काकासाहेबांना करमत नाही.

श्रीगोंद्याचा बागाईतदार आपल्या मुरमावर उभा राहणार, या विचारानं त्यांचं जेवण तुटलं. दोन ठिकाणी माती होती, दोन्हीकडं गेले नाहीत, यावरून काय ते समजावं. रात्रंदिवस एकच घोकणं, की त्यांनी उभा जन्म काळं रान बघितलंय, हे बघून ते काय म्हणतील. भागूबाईनं समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी नाद सोडला. बाजारहाट करायचा होता, घर सारवायचं होतं, कपबश्यांचे कान फुटलेले होते.

त्याच सुमारास गावच्या पाझर तलावातला गाळ काढायचं काम चाललं होतं. तलाव कोरडा पडलेला, जेसीबी लागलेला, ज्याला हवा त्यानं ट्रॅक्टर आणून गाळ न्यावा. गाळ काही वाईट नव्हे. बाजरीच्या मोकळ्या रानात वीतभर पसरून नांगरून घेतला तर त्यासारखं खत नाही, आणि शहाण्या लोकांनी तसंच केलं. पण बाजरीचं रान पडलं मागं, ओढ्याच्या अंगाला. तिथं पाहुणे कशाला मरायला जातील? पाहुणे रस्त्यानं येणार, रस्त्याकडेला उतरणार, तिथूनच रानात शिरणार. आणि रस्त्याकडेला होती डाळिंबं.

भागूबाई आणि कल्याण कपबश्या आणि नवी सतरंजी आणायला तिसगावच्या बाजाराला गेले होते. परत येताना लांबूनच तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या रानाशी उतरलो. रस्त्याकडच्या ओळींमध्ये सगळं काळं. ढिगाऱ्यावर ढिगारे ओतून फळीनं सपाट केलेलं, गुडघाभर थर, झाडांचे बुंधे गडप, पहिल्या फांद्या जमिनीतून उगवल्यासारख्या दिसत होत्या. मधोमध काकासाहेब उभे होते, टोपी मागं सरकवून, लग्नाच्या मांडवात वरबाप उभा राहतो तसे.

“काळी आई आनली रानात,” ते म्हणाले. “आता जानारा येनारा थांबून बघंल.”

कल्याण पिशव्या हातात धरून तसाच बांधावर बसला. भागूबाई मात्र बोलली. तिच्या तोंडून त्या दिवशी जे निघालं ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. आयुष्यभर लोकांच्या मातीला गेलात आणि शेवटी माझ्या झाडांची माती केलीत, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. आत्ताच्या आत्ता काढा, म्हणाली. काकासाहेबांनी मुद्द्याचं विचारलं. पोराचं लग्न हवंय का नाही? रविवारपर्यंत दम धर, सोमवारी काढू. तोवर कुणी हात लावायचा नाही.

आणि भागूबाई गप्प बसली. तिला सून हवी होती. घरात बोलायला कुणीतरी हवं होतं, कल्याण संध्याकाळी एकटाच शेततळ्याच्या काठी बसून मोबाईल बघतो ते तिला बघवत नव्हतं. झाडं थोडे दिवस तग धरतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. मुलगी गेली तर परत येणार नाही, झाडं पुन्हा लावता येतील. स्वतःचाच तिला असा राग आला, की त्या आठवड्यात तिनं एकाच भाजीत दोनदा मीठ टाकलं.

तरी राहवेना. दिवस कलला की ती जाऊन हातानं बुंध्याभोवतीचं आळं मोकळं करायची. सकाळी काकासाहेब उठून ते पुन्हा सारखं करायचे, म्हणायचे, मधीमधी तांबडं दिसतंय, खरूज झाल्यासारखं. तिनं उकरायचं आणि यांनी बुजवायचं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. रविवारी सकाळी तर त्यांनी कहर केला. पाइप लावून सगळ्या गाळावर पाणी मारलं. ओली केली की अजून काळी दिसते, म्हणाले.

पाहुणे आले. राधाकृष्ण अंगानं थोराड, बोलायला कमी, त्यांची बायको विजयमाला, जया, सलवार-कमीज घातलेली, सावळी, सगळीकडं बघणारी, आणि छगन. चहाच्या आधी रान, असा काकासाहेबांचा आग्रह. भागूबाई दारातून बघत होती. गाळात चार पावलं टाकली आणि पाहुण्यांच्या चपलांना ही एवढाली ढेकळं चिकटली. जयाची एक चप्पल तिथंच रुतून बसली, ती कल्याणनं वाकून काढून दिली. काकासाहेबांचं भाषण चालू होतं, आजा-पणज्यापासूनची ही काळी, एक ढेकूळ फोडलं तर तूप निघंल.

राधाकृष्ण खाली वाकले. एक ढेकूळ उचलून त्यांनी अंगठ्यानं फोडलं, तर आतून तूप नाही, शिंपला निघाला. तळ्यात असतात तसला, नखाएवढा, पांढरा. त्यांनी तो तळहातावर उलटा-सुलटा करून बघितला आणि टाकून दिला. जया एका झाडाचं पिवळं पडलेलं पान हातात धरून उभी होती. छगन आभाळाकडं बघत होता.

मंडळी ओसरीवर येऊन बसली. राधाकृष्णांनी पोह्यांना हात लावला न लावला, चहा गरम असतानाच संपवला. कळवतो म्हणायची तयारी भागूबाईला घरातूनही ओळखता आली, इतक्या वेळा ऐकलं होतं तिनं ते.

विजयमाला आत चुलीपाशी येऊन बसली होती. बाई मोकळी होती, मनात ठेवणारी नव्हती. रिकामी कपबशी खाली ठेवून ती म्हणाली, “ताई, खरं सांगू का? रान बघून ह्यांचा जीवच उतरला. आमचं समदं काळंच हाय. उसाला पानी देऊ देऊ खारावलं. उन्हाळ्यात वर मीठ फुटतं, टाकलेलं बेनं उगवत न्हाई. छगनभाऊ म्हनले हुते, तिकडं मुरमाड हाय, पानी धरत न्हाई, डाळिंब लई झ्याक येतंय. म्हनून एवढ्या लांब आलो. आता पोरगी परत काळ्यातच द्यायची का, आसं चाललंय त्यांच्या मनात.”

भागूबाईच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. हसावं की रडावं तिला कळेना. ज्या मुरमासाठी ही माणसं गाडीला डिझेल घालून आली, तोच या शहाण्यानं झाकून ठेवला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आणि आता सांगायचं तरी कसं? गप्प बसलं तर मुलगी जाते. खरं सांगितलं तर नवरा पाहुण्यांसमोर खोटा पडतो, आणि खोट्या घरात कोण मुलगी देतं? बाहेर काकासाहेबांचं चालूच होतं, काळी म्हणजे लक्ष्मी, वगैरे. तो आवाज ऐकला आणि भागूबाईचा विचार करणं संपलं. तिनं पदर खोचला, दारामागचा टिकाव घेतला आणि ओसरीवरून पुरुषमाणसांच्या मधून चालत निघाली.

काकासाहेबांनी विचारलं, “आगं, कुठं?”

“पाव्हन्यांचं रान बघायचं राह्यलंय,” ती म्हणाली. “चला, दादा.”

सगळे तिच्यामागं निघाले, काय चाललंय ते न कळता. रस्त्याकडच्या एका झाडाच्या बुडाशी तिनं टिकाव घातला. वरचं चिकट काळं निघेना, टिकावाला लोंबायला लागलं. तिनं ते पायानं ढकललं, पुन्हा घाव घातला. खाली खण्ण वाजलं आणि तांबूस मुरूम वर आला, कोरडा, सुटा. तिनं ओंजळभर घेऊन राधाकृष्णांपुढं धरला.

“हे आमचं रान. वरचा तळ्यातला गाळ हाय. तुमी येनार म्हनून टाकलाय. मी बी बघून गप बसले, त्ये बी खोटंच. आता न्हाई म्हनायचं आसलं तर ह्ये बघून म्हना.”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. राधाकृष्णांनी तिच्या ओंजळीतला मुरूम आपल्या हातात घेतला, बोटं सैल सोडून खाली गळू दिला, पुन्हा वाकून घेतला. मग काकासाहेबांकडं बघून एवढंच विचारलं, “कशापायी?”

काकासाहेबांनी टोपी काढली. भागूबाईला वाटलं, आता अर्धा तास सुटका नाही. पण त्यांनी टोपी हातात दोनदा फिरवली. “आमी तुमच्याकडं उसाला यायचो,” ते म्हणाले. “तिथं एक मालक म्हनला हुता, तुमच्याकडं माती न्हाई म्हनून तुमी आमच्याकडं. त्येवडंच.”

त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात छोटं भाषण. भागूबाई टिकावावर हात ठेवून नवऱ्याकडं बघत राहिली. ते वाक्य तिनंही ऐकलं होतं आणि त्याच संध्याकाळी विसरली होती. हा माणूस ते एवढी वर्षं घेऊन फिरत होता, प्रत्येक मातीला, प्रत्येक भाषणात. तिला त्याची कीव आली. आणि पाठोपाठ संतापही आला, की मग बोलायचं नाही का बाबा, सांगायचं नाही का घरात? माझ्या झाडांवर कशाला काढायचं?

राधाकृष्णांनी चपलेचा गाळ उकरलेल्या मुरमावर घासून काढला. “एकदा आमचं रान बघायला या,” ते म्हणाले. “उन्हाळ्यातच या. समदं दिसंल.” मग कल्याणकडं वळून म्हणाले, “आदी ह्ये काढा. झाडं गुदमरल्यात.”

हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, कळवतोही म्हणाले नाहीत. जया मात्र गाडीत बसायच्या आधी त्या उकरलेल्या झाडापाशी उकिडवी बसली आणि बुंध्याला चिकटलेला गाळ बोटांनी खरवडून काढायला लागली. साल ओली झालीय, म्हणाली. “मावशी, बुंधे आजच मोकळे करा. उद्यावर टाकू नका.” भागूबाईनं तिच्या हातांवर पाणी घातलं. मुलीच्या नखांत काळं गेलं होतं, ते निघता निघेना.

गाडी वळणाआड गेली आणि काम सुरू झालं. गाळ घालताना ट्रॅक्टरनं घातला होता, काढताना ट्रॅक्टर चालेना, मुळ्या तुटतील. घमेल्यानं भरायचा, डोक्यावरून बांधापर्यंत न्यायचा, तिथून बाजरीच्या रानात. कल्याण भरायचा, भागूबाई आणि काकासाहेब वाहायचे. ऊन असं, की घमेल्याची कड हाताला भाजायची. काकासाहेबांचा मोबाईल सदऱ्याच्या खिशात वाजत राहायचा. माती किती वाजता आहे, कोण गेलं, ते त्यांनी विचारलं नाही. गावात बातमी पसरली, की काकासाहेब आजारी दिसतात, दोन मातींना आले नाहीत. एकजण तर मोसंबी घेऊन भेटायला आला आणि त्यांच्या डोक्यावर घमेलं बघून तसाच परत गेला.

बिनभाषणाचा नवरा भागूबाईला सवयीचा नव्हता. घमेलं उचलताना ते नुसते कण्हायचे आणि चालायला लागायचे. तिला चिडायला काही सापडेना, त्यानंही ती चिडली.

आतल्या ओळींतली झाडं सावरली. पानांचा पिवळेपणा हळूहळू गेला. पण रस्त्याकडची पहिली ओळ, जिथं काकासाहेबांनी सगळ्यात जाड थर दिला होता आणि सगळ्यात जास्त पाणी मारलं होतं, ती हातची गेली. साल कुजून बोटाला लागायची, पानं झाडावरच सुकली. ज्या खड्ड्यांनी तिच्या हाताची सालं काढली होती त्याच खड्ड्यांतून भागूबाईनं एकेक झाड उपटून काढलं. कल्याण मी करतो म्हणाला, तिनं करू दिलं नाही. उपटताना ती रडली, नवऱ्याला, छगनला, त्या श्रीगोंद्याच्या मालकाला आणि स्वतःला शिव्या घातल्या, आणि उपटलेली झाडं रस्त्यापासून दूर नेऊन जाळली. मागं ओळीनं रिकामे खड्डे राहिले. रस्त्यानं जाणारे आता थांबून तेच बघायचे.

फोन आला तेव्हा तिघं सकाळची भाकरी खात होते. राधाकृष्णांचं नाव बघून काकासाहेबांनी घास तसाच ठेवला आणि फोन मोठ्या आवाजावर लावला. रामराम झाला. लग्नाचं काही नाही, मुलाचं काही नाही. राधाकृष्णांनी पहिलं विचारलं, झाडं किती वाचली?

काकासाहेबांनी तोंड उघडलं. भागूबाईला त्या तोंडाची चांगली ओळख होती. आता ‘समदी वाचली’ येणार, ‘देवाची कृपा’ येणार, मग आजा-पणजा येणार. तिनं भाकरी खाली ठेवली. काकासाहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग दाराबाहेर.

“पहिली वळ गेली, पाव्हनं,” ते म्हणाले. “माज्या हातानं गेली.”

पलीकडं कुणाशीतरी बोलल्याचा आवाज आला आणि फोनवर जया आली. त्यांना द्या, म्हणाली. भागूबाईनं पदराला हात पुसून फोन घेतला, कानाला लावला, तरी सगळ्यांना ऐकू येत होतंच.

“आत्याबाई, त्या ओळीचे खड्डे बुजवू नका. तिथली झाडं मी लावीन.”

आत्याबाई. भागूबाई उभ्या जन्मात एकाच बाईला, सासूला, आत्याबाई म्हणाली होती, आणि तिला तसं कुणी म्हणालं नव्हतं. तिनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. कल्याण उठून बाहेर गेला आणि शेततळ्याच्या दिशेनं उगाचच चालायला लागला. शेवटी ती म्हणाली, “न्हाई बुजवत, बाई. एक बी न्हाई बुजवत.”

फोन ठेवून तिनं मान वर केली, तर काकासाहेब तिच्याकडं बघत नव्हते. ते आपल्या पायांकडं बघत होते. पाय पोटऱ्यांपर्यंत काळे होते, आणि आज गाळ वाहायचं काम काही नव्हतं, कालच संपलं होतं.

“रस्त्यावरनं लई वंगाळ दिसत हुतं,” ते हळूच म्हणाले. “बांधाला थोडी काळी उरली हुती. मगाशी चार खड्डे भरले.”

भागूबाईनं डोळे मिटून घेतले. तिनं डोळे उघडले तेव्हा भाकरी तशीच टाकून काकासाहेब उठले होते, आणि दाराबाहेर त्यांनी आपण होऊन घमेलं उचललं होतं.